शिपायाचे नाव

मराठी वाङ्मयात पोलीस पुष्कळ आहेत; पोलिसाचे घर मात्र त्यात क्वचितच आढळते. लोकनाट्यातला हवालदार घ्या. वसंत सबनिसांच्या 'विच्छा माझी पुरी करा'मध्ये दादा कोंडक्यांनी जो हवालदार उभा केला, त्याने उभ्या महाराष्ट्राला वर्षानुवर्षे हसवले. बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांतले पोलीस अधिकारी बहुधा नायकाची हुशारी उठून दिसावी एवढ्यासाठीच येतात. ह्या दोन तऱ्हांपलीकडे तिसरी तऱ्हा आहे ती राक्षसाची. पोलिसाला हसावे तरी किंवा भ्यावे तरी. आणखी सोय मराठी लेखकाने वाचकाला फारशी ठेवलेली नाही.

फराळाच्या ताटाशेजारी असला विषय काढू नये, असे कोणी म्हणेल. परंतु परभणी जिल्ह्यात राहणाऱ्या माणसाला २०२४च्या डिसेंबरपासून तो बाजूला सारता आलेला नाही. १० डिसेंबर रोजी परभणीच्या रेल्वे स्थानकासमोर डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्यापुढील संविधानाच्या प्रतिकृतीची एका माणसाने नासधूस केली. दुसऱ्या दिवशी बंद, दगडफेक, जाळपोळ, लाठीमार, अश्रुधूर, आणि मग धरपकड. धरलेल्यांपैकी सोमनाथ सूर्यवंशी हा कायद्याचा विद्यार्थी १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना मरण पावला. पुढे उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ४ जुलै २०२५ रोजी ह्या मृत्यूबाबत पोलिसांवर गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला, आणि त्याविरुद्धचे राज्य शासनाचे अपील सर्वोच्च न्यायालयाने ३० जुलैला फेटाळले. न्यायाचे काम न्यायालये करतील. माझा प्रश्न वाङ्मयाचा आहे, आणि थोडासा उपासनेचाही.

उपासनेचा म्हणण्याचे कारण असे, की मी ख्रिस्ती आहे. एकोणिसाव्या शतकात नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ बेथेल नावाची वस्ती वसवली. मराठवाड्यातली आमची पुष्कळशी ख्रिस्ती घराणी अशाच मिशनांच्या आसऱ्याने ह्या धर्मात आली. ज्या वस्त्यांतून आमचे आजे-पणजे निघाले, त्याच वस्त्यांतले त्यांचे भाऊबंद १९५६ नंतर बौद्ध झाले. म्हणजे देव बदलले, सोयरीक तुटली नाही. कायद्याने मात्र तीही निराळी धरली आहे : १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींत आम्हां ख्रिस्त्यांना जागा नाही, शिखांना ती १९५६ साली आणि बौद्धांना १९९० साली मिळाली. गावाला हा भेद कळत नाही. गावाला आडनाव कळते.

त्यात माझा सख्खा भाचा पोलिसात शिपाई आहे, दुसऱ्या जिल्ह्यात. आणि ज्या वस्त्यांतून त्या डिसेंबरात आया-बाया पोरांना पोटाशी धरून रात्र काढत होत्या, तसल्याच वस्त्यांतली मुले माझ्या वर्गात पाढे म्हणतात. त्या महिन्यात एका रविवारी आमच्या पाळकांनी नेहमीप्रमाणे अधिकाऱ्यांसाठी प्रार्थना केली. रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय वाचला. सत्ताधारी हा देवाचा सेवक आहे, असे पौल तिथे सांगतो. प्रार्थना संपली तेव्हा 'आमेन' हा शब्द निम्म्याच मंडळीच्या तोंडून आला. उरलेले निम्मे गप्प राहिले. वाद झाला नाही, कोणी उठून गेले नाही. पण ह्या गप्प बसण्याला मराठी पुस्तकांत काही शब्द सापडतो का, हे पाहावे असे माझ्या मनाने घेतले.

आधी तेंडुलकर. घाशीराम कोतवालावर मोरोबा कान्होबांनी १८६३ सालीच पुस्तक लिहिले होते. तेंडुलकरांचे नाटक १९७२ साली आले. त्यातले राजकारण सर्वांना ठाऊक आहे. घाशीराम एकटा घाशीराम होत नाही, त्याला नाना लागतो. मुलगी देऊन कोतवाली घेतलेल्या माणसाला शहरावर सूड उगवण्याचा परवानाच मिळतो, आणि काम झाल्यावर नाना त्याला जमावाच्या हवाली करतो. हे सारे नाटकाने अपूर्व रीतीने दाखवले. परंतु घाशीरामाचा घात कशाने होतो? परगावचे ब्राह्मण कोठडीत कोंडले जातात आणि गुदमरून मरतात, त्याने. इतिहासातही १७९१ साली हेच झाले. म्हणजे मराठी रंगभूमीच्या ह्या थोर नाटकाचा शेवट एका कोठडीतल्या मरणांवर उभा आहे. मात्र ते मेलेले कोण, त्यांची घरे कुठे, त्यांच्यामागे कोण रडले, हे नाटक विचारीत नाही. नाटकाला ती प्रेते घाशीरामाच्या पायाखालची जमीन काढून घेण्यापुरती हवी आहेत.

मग 'अर्धसत्य'. श्री. दा. पानवलकरांच्या 'सूर्य' ह्या कथेवरून तेंडुलकरांनी पटकथा लिहिली आणि गोविंद निहलानींनी १९८३ साली चित्रपट काढला. भाषा हिंदी असली तरी माणसे, बाप, भाकरी सगळे मराठी आहे, म्हणून मी त्याला आपलाच समजतो. इथे पोलिसाला प्रथमच घर मिळाले. अनंत वेलणकर हा फौजदार. त्याचा बाप निवृत्त पोलीस, घरात बायकोला मारणारा. मुलाला शिकायचे होते, बापाने वर्दी चढवली. ओम पुरींचा तो ताठ, गिळून बसलेला चेहरा पाहिला म्हणजे वाटते, की ह्या माणसाच्या आत एक सबंध पोलीस ठाणे बंद करून ठेवले आहे. रामा शेट्टीला हात लावता येत नाही, केलेल्या कामाचे श्रेय दुसरा घेऊन जातो, आणि हा सगळा राग शेवटी कोणावर निघतो? रेडिओ चोरल्याच्या संशयावरून आणलेल्या एका फाटक्या चोरावर. तो कोठडीत मारानेच मरतो.

रामा शेट्टीच्या गळ्याला हात घालण्याचा प्रसंग लोकांच्या लक्षात राहतो. माझ्या लक्षात तो रेडिओचोर राहतो. चित्रपटाबद्दल मला पूर्ण आदर आहे. तरीही म्हणतो, की त्या चोराचे मरण म्हणजे अनंत वेलणकरच्या शोकांतिकेची केवळ एक पायरी आहे. तो मेल्यावर आपण काळजी करतो ती वेलणकरची : आता ह्याची नोकरी जाणार, आता ह्याला शेट्टीच्या दारात जावे लागणार! मेलेल्याच्या दारात कॅमेरा जात नाही. त्याची आई आपण पाहत नाही. 'घाशीराम'मध्ये प्रेते कोतवालाला पाडण्यासाठी आली, इथे एक प्रेत फौजदाराला मोठा करण्यासाठी आले. दोन्ही ठिकाणी वर्दीतला माणूस मध्यभागी, आणि मेलेला कडेला.

ह्याच चित्रपटात माईक लोबो आहे. निलंबित झालेला, दारूत बुडालेला, जुन्या सोबत्यांपाशी हात पसरणारा अधिकारी. नसिरुद्दीन शहांनी तो केला. लोबो हे नाव कानी पडताच माझ्यासारखा ख्रिस्ती प्रेक्षक सावरून बसतो आणि हातातली बाटली पाहून पुन्हा टेकतो. (पडद्यावरच्या ख्रिस्ती माणसाला देवळापेक्षा गुत्त्याचा रस्ता अधिक परिचयाचा, ही रूढी कोणी पाडली देव जाणे.) लोबो हे वेलणकरचे भविष्य आहे, एवढेच चित्रपटाला सांगायचे होते, आणि ते त्याने भेदकपणे सांगितले. पण लोबो कधी गुडघे टेकत असेल का? रात्री एकटा असताना त्याने कोणाला हाक मारली असेल का? वर्दी आणि श्रद्धा एकाच अंगात कशी राहतात, हा प्रश्न तेंडुलकरांसारख्या माणसानेही उंबऱ्याबाहेर ठेवला.

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाने तो घरात घेतला असेल असे वाटावे. बाबा पदमनजींच्या 'यमुनापर्यटना'पासून, म्हणजे १८५७पासून, ह्या वाङ्मयाने विधवांचे दुःख मांडले. लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रां'त जात स्वतःच्या मनातून कशी निघत गेली हे जितक्या प्रामाणिकपणे व हसत सांगितले, तितके अन्य कोणी सांगितल्याचे मला स्मरत नाही. परंतु सरकार आणि त्याचा दंडुका ह्यांच्यापाशी आले की हे वाङ्मय बहुधा आवाज खाली आणते. कारण उघड आहे. मिशन गोऱ्यांचे, सरकार गोऱ्यांचे. रेव्हरंड टिळकांना गोऱ्या मिशनऱ्यांचा वरचढपणा सलत राहिला आणि १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' मांडला. पण तो लढा चर्चच्या आतला.

एक अपवाद आहे, आणि तो झळझळीत आहे. १८९७ साली पुण्यात प्लेग झाला. गोरे सोल्जर घरांत शिरून झडत्या घेऊ लागले. पंडिता रमाबाई तोवर बाप्तिस्मा घेऊन १४ वर्षे झालेली ख्रिस्ती बाई, परदेशी मदतीवर संस्था चालवणारी, हिंदू पुढाऱ्यांनी वाळीत टाकलेली. तिने राज्यकर्त्यांशी गोड राहावे ह्यासाठी सगळी कारणे हजर होती. तिने मुंबईच्या 'बॉम्बे गार्डियन' ह्या ख्रिस्ती पत्रात पत्र लिहून प्लेगच्या इस्पितळात आपल्या मुलींच्या वाट्याला काय आले ते जाहीर केले. गव्हर्नर सँडहर्स्ट ह्यांनी तिची विधाने खोटी ठरवली. ती मागे हटली नाही. त्याआधी विलायतेत शिकत असतानाही एका हिंदी बाईने इंग्रज पुरुषांना शिकवावे की नाही, ह्यावर बिशप मंडळींनी हरकत घेतली, तेव्हा तिने आपल्या सदसद्विवेकाची किल्ली कोणाच्याही हाती दिली नव्हती. तिची ती पत्रे मी मराठीतल्या उत्तम निबंधांत धरतो, मूळ इंग्रजीत असली तरी! धर्माने राज्यकर्त्याच्या जवळ असणे आणि तरीही त्याच्याविरुद्ध साक्ष देणे, हे त्या बाईने करून दाखवले.

अमेरिकेतही हेच दुखणे. १९६३च्या एप्रिलमध्ये अलाबामातल्या आठ गोऱ्या धर्मगुरूंनी निवेदन काढले : निदर्शने आवरा, आणि आमच्या पोलिसांनी शांतता राखली त्याबद्दल त्यांचे कौतुक करा. मार्टिन ल्यूथर किंग तेव्हा बर्मिंगहॅमच्या तुरुंगात होते. तिथून त्यांनी जे दीर्घ पत्र लिहिले त्यात अखेरीकडे ह्या कौतुकाचा समाचार घेतला आहे. ज्यांनी निःशस्त्र माणसांवर कुत्रे सोडलेले पाहिले त्यांना त्या कौतुकात सामील होता येत नाही, असा त्याचा आशय. ते पत्र एका पाळकाने इतर पाळकांना लिहिलेले आहे, हे आपण विसरतो. भांडण देवाच्या घरातले होते. २०२० साली मिनिॲपोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइडच्या मानेवर पोलिसाचा गुडघा पडला त्यानंतर तिथल्या चर्चांतही निम्मेच 'आमेन' उमटले असतील.

आता आमच्या पाळकांनी वाचलेल्या अध्यायाकडे येतो. रोमकरांस पत्र लिहिणारा पौल सुखवस्तू राजभक्त नव्हता. 'प्रेषितांची कृत्ये' उघडून सोळावा अध्याय पाहावा. फिलिप्पै शहरात पौल व सीला ह्यांना चौकशीवाचून छड्यांनी मारून आतल्या कोठडीत खोडा घालून टाकले. सकाळी अधिकाऱ्यांनी चोपदारांकरवी निरोप धाडला, की त्यांना सोडा. कोणीही शहाणा माणूस लंगडत घरी गेला असता. पौल अडून बसला. आम्ही रोमी नागरिक. आम्हाला न्यायनिवाड्यावाचून चारचौघांत मारले आणि आता गुपचूप घालवता? त्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर काढावे. आणि ते अधिकारी आले! सत्तेला देवाचा सेवक म्हणणारा तो हाच माणूस. सेवक म्हटल्यावर त्याच्याकडून हिशेब मागता येतो, हे त्याला पक्के ठाऊक होते. तेरावा अध्याय ज्याला वाचायचा आहे त्याने हा सोळावाही वाचावा, एवढेच मी आमच्या पाळकांना नम्रपणे म्हणालो. ते भले गृहस्थ आहेत. पुढच्या रविवारी त्यांनी तो वाचला, भाष्य मात्र केले नाही.

शुभवर्तमानाच्या कथेची बांधणी एका कादंबरीकाराच्या डोळ्यांनी पाहिली म्हणजे आणखी एक गोष्ट दिसते. ही रात्री धरलेल्या, कोठडीत चेष्टा व मारहाण झालेल्या, दुसऱ्या दिवशी मारलेल्या माणसाची कथा आहे. इथे मेलेला मध्यभागी आहे. त्याची आई तिथे आहे. अधिकारी पिलात हात धुऊन कडेला जातो. तेंडुलकरांच्या दोन्ही कृतींत जे कडेला होते ते इथे मधोमध आले. आणि तरीही वर्दीतल्या माणसाला ह्या कथेने टाकून दिलेले नाही, ह्याचे मला फार नवल वाटते. धरायला आलेल्या टोळीतल्या एकाचा कान पेत्राने कापला; योहान त्या माणसाचे नाव नोंदवून ठेवतो, मल्ख. लूक सांगतो की ज्याला धरले जात होते त्याने तो कान बरा केला. वधस्तंभाखाली उभ्या शताधिपतीला शेवटी एकच वाक्य आहे, पण ते आहे. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे शिपाई येऊन विचारतात, आम्ही काय करावे? तो त्यांना नोकरी सोडा म्हणत नाही. जुलूम करू नका, खोटे आळ घालू नका, पगारात समाधान माना, असे सांगतो. दोन हजार वर्षांपूर्वीही तक्रारी ह्याच होत्या म्हणायच्या!

मराठीत ह्या बांधणीच्या जवळ जाणारी एक कृती अलीकडे झाली. चैतन्य ताम्हाणे ह्यांचा 'कोर्ट' (२०१४). नारायण कांबळे ह्या म्हाताऱ्या शाहिरावर आरोप असा, की त्याच्या गाण्यामुळे गटारात उतरणाऱ्या एका सफाई कामगाराने जीव दिला. ह्या चित्रपटात पोलीस राक्षस नाही, विदूषकही नाही. तो कागद वाचतो, ठरावीक साक्षीदार आणतो, तारीख घेतो. आणि मग मेलेल्याची बायको साक्षीला उभी राहते. आवाज न चढवता सांगते, नवरा गटारात उतरण्याआधी झुरळे बाहेर येतात का ते पाहायचा, खडा टाकायचा. वास सहन व्हावा म्हणून प्यायचा. त्या दोन-चार मिनिटांत 'घाशीराम' आणि 'अर्धसत्य' ह्यांनी कडेला ठेवलेला माणूस मध्यभागी येऊन बसतो. अश्रू नाहीत, पार्श्वसंगीत नाही. मराठी दुःखाला एरवी हार्मोनियमवाचून उभे राहता येत नाही, म्हणून ह्या संयमाचे मोल मला अधिक वाटते. उणीव सांगायचीच तर पोलीस इथेही घराविना आहे. न्यायाधीश सहलीला जातो, वकील बाई स्वयंपाक करते, दुसरा वकील खरेदी करतो. फौजदार मात्र कोर्टाबाहेर कुठे जेवतो ते कळत नाही.

मराठवाड्यातल्या लेखकाला ह्या विषयात एक जादा गुंता वारशाने मिळालेला आहे. १९४८च्या सप्टेंबरात निजामाचे राज्य गेले त्या घटनेला आमच्याकडे 'पोलीस ॲक्शन' म्हणतात. म्हातारी माणसे वयाचा हिशेबसुद्धा तीवरून करीत. रझाकारांपासून सुटका झाली ती ह्या शब्दाने. आणि त्यानंतर ह्याच मुलखात मुसलमान वस्त्यांवर जे गुदरले त्याचा सुंदरलाल समितीचा अहवाल २०१३पर्यंत लोकांपुढे आला नाही. म्हणजे 'पोलीस' हा शब्द एका घरी मुक्तीचा, शेजारच्या घरी भीतीचा. तीस वर्षांनी, १९७८ साली, विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि दलितांची घरे जळाली, तेव्हा तो तिसऱ्या घरी पोहोचला. एवढा ऐवज हाती असताना आम्ही मराठवाड्यातले कादंबरीकार दुष्काळ, ऊस आणि ग्रामपंचायत ह्यांवर लिहीत बसलो. त्या तिन्ही घरांची एक कादंबरी कोणी लिहिली तर ती वाचायला मी पहिला असेन. स्वतः लिहायची तर मल्खाचे नाव ठाऊक असून भागत नाही. त्याच्या हातची भाकरी खाल्लेली असावी लागते, आणि ज्याला त्याने धरले त्याच्या घरचीही.

भाचा उन्हाळ्यात दोन दिवस आला होता. बंदोबस्तामुळे चार दिवाळ्या त्याने घरी काढलेल्या नाहीत. परभणीवर आम्ही दोघेही बराच वेळ बोललो नाही. मग तोच म्हणाला, "मामा, तुमच्या पुस्तकांत आम्ही एक तर बेवडे, न्हाई तर मारकुटे. मधलं काही असतंय का न्हाई?" मी म्हणालो, "आणि जो पोरगा मेला, त्याच्या आईनं काय म्हणायचं?" तो उत्तर शोधीत राहिला नाही, "तिचं खरं हाय," म्हणाला, आणि बुटाची नाडी सोडत बसला. रात्री मी त्याला तो फिलिप्पैचा सोळावा अध्याय काढून दिला. त्यात बंदिशाळेच्या नायकाची गोष्ट येते. मध्यरात्री भूकंपाने दारे उघडतात, कैदी पळाले असे समजून तो तलवार काढून स्वतःचा जीव घ्यायला निघतो. आतून पौल ओरडतो, की आम्ही सगळे इथेच आहोत. मग तो दिवा मागवतो, त्याच घटकेला त्या दोघांना घेऊन जातो, त्यांच्या पाठीवरचे छड्यांचे वळ धुतो, घरी नेऊन ताट वाढतो.

भाच्याने अध्याय संपवला आणि पुस्तक मिटण्याआधी पान पुन्हा मागे उलटून पाहिले. "दारं उघडी, कैदी घरी जेवायला," तो म्हणाला. "सकाळी वरच्यांनी ह्याला विचारलं असंल की. ह्याचं पुढं काय झालं, मामा?"

लूकने ते लिहिलेले नाही.